काट्याचा दोष की अर्थिंगचा?



या सदरात आपण नेहमी रेशनकार्ड, शाळेचा दाखला, प्रॉव्हिडंट फंड, पगाराची पावती अशा रोजच्या कामाच्या गोष्टी पाहतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज एका जुन्या मोटारीचे वायरिंग आणि तिच्या डॅशबोर्डवरचे काटे यांबद्दल लिहिणार आहे. "आपल्या दारात सायकल उभी नाही आणि हे मोटारीचे काय सांगत बसले?" असे कोणी म्हणेल. पण मोटार आपली नसली तरी ती दुरुस्त करणारे हात पुष्कळदा आपल्या मुलांचे असतात. त्या हातांवर आळ आला तर काय करायचे, हा प्रश्न आपल्याच घरचा आहे.

गोष्ट एका हिवाळ्यातली. रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या चाळीतल्या एक वहिनी दारात आल्या. हातात वहीचा फाडलेला कागद होता. त्यांचा मुलगा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून एका गॅरेजमध्ये वायरिंगच्या कामाला लागला होता. पगार १४,००० रुपये. कागदावर गॅरेजच्या मालकाच्या अक्षरात तीन नोंदी होत्या. थर्मोस्टॅट, टेंपरेचरचा सेंडर आणि जुन्या बाजारातून आणलेला मीटरचा पूर्ण संच. एकूण ९,२०० रुपये. खाली लिहिले होते, "दोन हप्त्यांत पगारातून वळते."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. म्हणतो, माझं चुकलं का नाही तेच मला कळत नाही. चुकलं असंल तर भरू. पण नसंल चुकलं तर कशापायी भरायचं?"

मला त्यांचे हे बोलणे फार आवडले. "माझा मुलगा निर्दोष आहे" असे त्या म्हणाल्या नाहीत. आधी शोधा, मग ठरवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. रविवारी मी मुलाबरोबर गॅरेजवर जायचे ठरवले.

गाडी होती कॉन्टेसा. जुन्या वाचकांना आठवत असेल. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ ते २००२ या काळात बनवली. मूळ बांधणी व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या गाडीची. सुरुवातीला तिच्यात १४८९ सीसीचे जुन्या पद्धतीचे इंजिन होते. अंगाने थोराड आणि दमाला कमी, अशी तिची तक्रार होई. पुढे इसुझू या जपानी कंपनीचे १८०० सीसीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, आणि देशी गाड्यांत ती दमदार म्हणून गणली जाऊ लागली. पुढाऱ्यांच्या दारात आणि सिनेमातल्या खलनायकाच्या हाताखाली ती दिसायची. आज हौशी लोक अशा गाड्या शोधून काढतात आणि लाखो रुपये खर्चून नव्यासारख्या करून घेतात. ही त्यांपैकीच एक. डेंटिंग-पेंटिंग नवे, इंजिन उघडून बांधलेले, सीट नव्या. काम संपले, आणि तिथून पुढे तक्रारी सुरू झाल्या.

तक्रारी तीन होत्या. पहिली, हेडलाइट लावला की इंजिनाच्या तापमानाचा काटा काही सेकंदांत लाल पट्ट्याकडे चढे आणि लाइट बंद केला की परत खाली येई. दुसरी, सेल्फ मारताना इंजिन जड फिरे, जणू बॅटरी उतरली आहे. बॅटरी तर नवी होती. तिसरी, टाकीत पेट्रोल कितीही असो, पेट्रोलचा काटा "रिकामी" दाखवी.

गॅरेजने काय केले? काटा वर जातो म्हणजे इंजिन तापते, म्हणून थर्मोस्टॅट बदलला. फरक नाही. मग सेंडर बदलला. फरक नाही. मग "मीटरच खराब" म्हणून सगळा संच बदलला. तरीही फरक नाही. शेवटी मालकाने निष्कर्ष काढला, "पोराने वायरिंग बिघडवली." या सगळ्यात एकदाही कोणी काही मोजले नव्हते. प्रत्येक वेळी अंदाज केला, भाग आणला आणि बसवला.

आता मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. गाडीची विद्या माझ्याकडे नाही. पण तेरीज जुळली नाही तर काय करायचे हे मला २० वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे. नावे आणि जमा यांत २७० रुपयांचा फरक आला तर आपण खतावणीचे पुस्तक फेकून नवे आणत नाही. नोंदीमागून नोंद तपासतो. फरक आला आहे म्हणजे तो कुठल्या तरी एका ओळीत बसलेला आहेच. मी मुलाला विचारले, "तुमच्या विजेत असं काही असतं का रे? बॅटरीतून जेवढे व्होल्ट निघाले तेवढे कुठेकुठे खर्च झाले याचा हिशेब जुळतो का?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, जुळतो की! जुळलाच पाहिजे. आयटीआयमध्ये शिकवलं होतं. पण इथं कोण मोजतं?"

सगळे इथेच आहे, बंधू-भगिनींनो. बॅटरीपासून निघून परत बॅटरीपर्यंतच्या वाटेवर जेवढे व्होल्ट खर्ची पडतात, त्यांची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजइतकीच भरते. एक दशांशही इकडेतिकडे जात नाही. चांगल्या वायरिंगमध्ये जवळजवळ सगळा खर्च कामाच्या जागी, म्हणजे बल्बमध्ये किंवा सेल्फमध्ये होतो. वायर, जोड, अर्थिंग यांच्या नावावर अगदी किरकोळ रक्कम पडते. तिथे मोठी रक्कम दिसली की चोर सापडला.

आमच्याकडे मुलाचा साधा डिजिटल मल्टीमीटर होता आणि एक कोरी वही. मालकांना मी म्हटले, "दोन तास द्या. काहीही खोलणार नाही, नुसतं मोजणार." ते म्हणाले, "मोजा साहेब. माझे पैसे तर गेलेच आहेत."

पहिला प्रश्न हा की इंजिन खरोखर तापते का? काटा खोटे बोलतो असे म्हणण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे. गॅरेजमध्ये लांबून तापमान मोजणारे बंदुकीसारखे थर्मामीटर होते. चकचकीत धातूवर ते चुकीचा आकडा दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजले. इंजिन नीट तापल्यावर ८७ अंश. हेडलाइट लावला, काटा चढला, पुन्हा मोजले. ८७ अंशच. म्हणजे इंजिन ठीक होते. तसेही, इंजिनात काही लिटर पाणी असते. ते लाइटचे बटण दाबल्याने काही सेकंदांत तापत नाही. बटणाबरोबर काटा हलतो तेव्हा शोध विजेचा घ्यायचा, पाण्याचा नाही.

दुसरी पायरी बॅटरी. रात्रभर विसावलेल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. १२.० च्या खाली असेल तर ती जवळजवळ उतरलेली. इथे १२.५ होते. इंजिन चालू केल्यावर १४.१. साधारण १३.८ ते १४.४ असले म्हणजे अल्टरनेटर बरोबर भरतो आहे. दोन्ही ठीक.

तिसरी पायरी सेल्फ. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढून ठेवली आणि पाच-पाच सेकंद सेल्फ मारून एकेका जागी मोजले. मी वहीत लिहीत गेलो. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४ व्होल्ट. त्याचा खर्च असा:

बॅटरीपासून सेल्फपर्यंतची पॉझिटिव्ह केबल : ०.३
प्रत्यक्ष सेल्फ : ७.४
इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये : २.६
बॉडीपासून बॅटरीपर्यंतची निगेटिव्ह केबल : ०.१
एकूण : १०.४

तेरीज जुळली. आणि चोरही दिसला. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त जायला नको, तिथे २.६ जात होते. पुढचे सांगायला इंजिनिअर लागत नाही. सेल्फ जड फिरत होता कारण त्याच्या वाट्याचा घास वाटेतच कोणी तरी खात होते.

या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जोडलेली होती आणि बॉडीपासून इंजिनापर्यंत तांब्याची विणलेली पट्टी होती. इंजिन रबरी पायांवर बसलेले असते, त्यामुळे ही पट्टी हाच त्याचा बॉडीशी खरा संबंध. आम्ही तिला हात लावून पाहिले. पट्टी दिसायला नवी, बोल्ट घट्ट. पण मुलाने बोनेटमध्ये वाकून ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि म्हणाला, "काका, ही कोमट लागतेय." ती केबल विजेची नाही, नुसती ओढायची लोखंडी तार आहे. पण मोठी वाट बंद झाली की वीज पायवाट शोधते. सेल्फचा प्रचंड प्रवाह त्या बारीक तारेतून वाट काढत होता. अशी केबल तापून जळते, अडकते आणि कधी ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. म्हणजे हा निव्वळ पैशांचा प्रश्न राहिला नाही, जिवाचाही होता.

आता मुख्य कोडे, तापमानाचा काटा. इंजिन चालू करून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून मुलाने पुन्हा इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये मोजले. ०.८ व्होल्ट. पण या वेळी आकड्यामागे उणे चिन्ह होते. सेल्फ मारताना ते नव्हते. मुलगा गोंधळला. मी म्हटले, "अरे, नावे-जमा उलटली असतील." आणि तसेच होते. सेल्फ मारताना पैसे देणारी बॅटरी असते, वीज इंजिनातून बॉडीकडे परत जाते. इंजिन चालू झाले की देणारा अल्टरनेटर असतो, आणि तो इंजिनावर बसलेला. लाइटचा प्रवाह बॉडीत उतरतो आणि त्याला परत इंजिनावर यावे लागते. पट्टी तीच, पण जाणारे येणारे झाले.

तापमानाच्या काट्याची रचना साधी असते. काट्याला वरून वीज मिळते. खाली एक वायर इंजिनात बसवलेल्या सेंडरपर्यंत जाते. इंजिन तापले की सेंडरचा विरोध कमी होतो, जास्त वीज वाहते, काटा वर जातो. सेंडरची दुसरी बाजू म्हणजे इंजिनाचे लोखंड. इथेच गोम होती. लाइट लावला की इंजिनाचे लोखंड बॉडीपेक्षा ०.८ व्होल्ट खाली जात होते. उंची मोजायला आपण भिंतीला लागून पट्टी उभी करतो. पट्टीखालची जमीनच चार बोटे खचली तर उंची वाढलेली दिसेल. प्रत्यक्षात कोणी उंच झालेले नसते. या गाडीची जमीन लाइटबरोबर खचत होती, आणि दोष मात्र काट्यावर, सेंडरवर, थर्मोस्टॅटवर आणि शेवटी मुलावर आला.

इथे कोणी विचारील, ती पट्टी ओहममध्ये का मोजली नाही? मोजली होती. मुलाने आधीच मोजून "शून्य आहे, ठीक आहे" असे ठरवले होते. पण इथे फसगत होते. साध्या मल्टीमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच विरोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. या पट्टीच्या जोडात दोष होता ओहमच्या शंभराव्या भागांत. तेवढ्याने छोटा बल्ब अडत नाही, पण सेल्फ १००-१५० अँपिअर मागतो तेव्हा ०.०२ ओहमसुद्धा दोन-तीन व्होल्ट गिळून टाकते. म्हणून जाड वायरी आणि अर्थिंग नेहमी काम चालू असताना, व्होल्टमध्ये मोजावे. रिकाम्या हातगाडीचे चाक सगळ्यांचेच नीट फिरते. ओझे टाकल्यावर कळते.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून पट्टीचा बोल्ट सोडला. खाली पेंटरचा सुरेख, जाड, चकचकीत रंग होता. पट्टी रंगावर आवळली होती. बोल्टच्या आट्यांतून जेवढी वीज जाईल तेवढीच जात होती.

आम्ही तिघेही गप्प झालो. कारण पेंटिंगनंतर ती पट्टी कोणी बसवली होती? मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, "मीच बसवली होती काका."

खरे सांगतो, त्या क्षणी मलाही वाटले, हे बोलला नसता तर बरे झाले असते. पण त्याच्या आईचा प्रश्न मला आठवला. चुकले की नाही ते शोधा, असेच तर तिने सांगितले होते. आम्ही रंग खरवडून, पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, पट्टीचे टोक घासले, बोल्ट आवळला आणि वरून गंज लागू नये म्हणून व्हॅसलीन फासले. पुन्हा मोजले. सेल्फ मारताना पट्टीवर ०.१ व्होल्ट, सेल्फला ९.५. इंजिन झरकन फिरले. हेडलाइट लावून पाहिला. काटा जागचा हलला नाही.

मग वही घेऊन मालकांकडे गेलो. मुलानेच सांगितले, "मालक, पट्टी रंगावर बसवली ही माझी चूक. पण थर्मोस्टॅट, सेंडर आणि मीटर खराब नव्हते. ते न मोजता बदलले." मालकांनी वही वाचली. दोनदा वाचली. मी त्यांना एवढेच म्हटले की पगारातून नुकसानीची कपात करायची तर नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले हे दिसावे लागते, कपात नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि आधी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मालक वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "कायदा राहू द्या साहेब, आकडे कळले मला." जुना मीटर परत बसवायचे ठरले, नवा संच गॅरेजच्या कपाटात गेला. मुलाने एक रविवार बिनपैशाचे काम करावे असे ठरले आणि त्याने ते मान्य केले. मला ते पूर्ण पटले असे नाही, कारण अंदाजाने भाग आणण्याची चूक मालकाची होती. पण मुलगा म्हणाला, "काका, माझ्या चुकीचं मी करतो." मग मी बोललो नाही.

राहिली पेट्रोलच्या काट्याची तक्रार. ती त्या बिनपैशाच्या रविवारी सुटली. टाकीत तरंगता डबा असतो, त्याच्या दांड्याबरोबर एक टोक विरोधाच्या तारेवर सरकते. त्याला टाकीचे युनिट म्हणतात. तपासायची रीत अशी. चावी बंद करून युनिटची वायर टाकीपासून दूर, डिकीतल्या जोडावर सोडवायची. चावी चालू करून मीटरकडे जाणारे टोक ५ वॅटचा छोटा बल्ब मधे घालून बॉडीला टेकवायचे, काटा एका टोकाला जातो. वायर मोकळी सोडली की दुसऱ्या टोकाला जातो. काटा असा दोन्हीकडे फिरला तर मीटर आणि वायर ठीक, दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. इथे काटा नीट फिरला. युनिट काढून दांडा हळूहळू हलवत ओहम मोजले तर आकडा मधेच तुटे, तार झिजलेली होती. युनिट बदलले, काम झाले. भाग कधी बदलूच नये असे माझे म्हणणे नाही. बदलण्यापूर्वी पुरावा हवा.

एक कळकळीची सूचना. पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाशी कधीही वायर टेकवून ठिणगी पाडू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीइतकीच घातक असते. युनिट काढताना बॅटरी सोडलेली हवी, दारे उघडी हवीत आणि जवळपास विडी-सिगारेट नको.

आपल्यापैकी कोणी रिक्षा चालवतो, कोणाचा टेम्पो आहे, कोणाची मुले गॅरेजमध्ये शिकत आहेत. त्यांच्यासाठी काही खुणा वहीत उतरवून ठेवण्यासारख्या आहेत.

१. एकच काटा चुकीचा असेल तर त्याचा सेंडर, त्याची वायर, त्याचे अर्थिंग पाहा. तापमान आणि पेट्रोल हे दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले तर दोन्हींना सामाईक असलेली गोष्ट पाहा. जुन्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमागे काट्यांना स्थिर वीज देणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो. त्याचे अर्थिंग सुटले की काट्यांना बॅटरीची पूर्ण वीज मिळते आणि दोघेही चढतात.

२. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतो? मागच्या दिव्याचे अर्थिंग गेले आहे. वीज दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढते आहे.

३. हेडलाइट मंद असेल तर आधी बल्बवर व्होल्ट मोजा. व्होल्टेज १० टक्के कमी झाले की उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. न मोजता ६० वॅटच्या जागी १०० वॅटचे बल्ब घालू नका. दोन बल्बांचा प्रवाह १० अँपिअरवरून १६-१७ वर जातो, आणि जुन्या गाड्यांत तो सगळा बटणातून जात असेल तर बटण आणि वायर वितळते.

४. फ्यूज उडाला तर तो शत्रू नाही, राखणदार आहे. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे.

५. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढावी आणि शेवटी लावावी. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडू नये, अल्टरनेटर जळतो.

६. रंगकाम झालेल्या गाडीचे सर्व अर्थिंग एकेक करून मोजावे. सुंदर रंगाखालीच दोष लपतो.

आणि शेवटची गोष्ट. एकदा काटा खोटा ठरला म्हणून तो नेहमीच खोटा, असे समजू नका. काटा लालमध्ये गेला तर आधी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थंड होऊ द्या. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका, उकळते पाणी तोंडावर येते. "मीटर खराब आहे, चल पुढे" म्हणून ज्यांनी गाडी दामटली त्यांच्या इंजिनाचे हेड वाकलेले त्या मुलाने पाहिले आहेत. काट्यावर विश्वासही ठेवू नका आणि अविश्वासही. मोजा.

साधा डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. मुलगा किंवा मुलगी आयटीआयला जात असेल, वायरमनचे काम शिकत असेल, तर सणाच्या कपड्यांतून थोडे वाचवून तो घेऊन द्या. आणि त्याच्याबरोबर एक वही द्या. तारीख, गाडी, तक्रार, मोजलेले आकडे, केलेले काम, एवढे रोज लिहायची सवय लावा. गरिबाच्या मुलाचे तोंडी म्हणणे कोणी ऐकून घेत नाही, पण बेरीज जुळलेले पान कोणालाही वाचावे लागते. आणि त्या पानावर आपली चूक असेल तर तीही असू द्यावी. त्या दिवशी पट्टीची ओळ लिहिलेली होती, म्हणूनच बाकीच्या ओळी खऱ्या मानल्या गेल्या.

पहिल्या तारखेला वहिनी पुन्हा आल्या. पगार पूर्ण आला होता. मुलाला मालकाने आता प्रत्येक गाडीचे आकडे लिहायला सांगितले आहे म्हणाल्या. मी विचारले, "जेवतो का आता नीट?"

"जेवतो," त्या म्हणाल्या, "पण जेवताना पण वही उघडी असते."

असो. आपल्या घरात कोणी असे काम करणारे असेल तर हे कात्रण त्यांना द्यावे, आणि त्यांचे अनुभव आम्हाला पत्राने जरूर कळवावेत.